म्हैस जाते तो प्रसंग

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दिवसाचा पहिला आवाज व्हायचा तो कॅनचा. आण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेचे सचिव होते आणि संस्थेची खोली आमच्या घराला लागूनच होती. उजाडायच्या सुमाराला लोक चरव्या घेऊन यायचे, दूध मापलं जायचं आणि मोठाले कॅन एकमेकांवर आपटत टेम्पोत चढायचे. भरलेला कॅन जवळजवळ मुका असतो. रिकामा मात्र वेशीपर्यंत ऐकू जातो. अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून मला कळायचं, की काल आणखी कोणीतरी म्हैस विकली. टेम्पो वडवणीच्या रस्त्याला लागला की आण्णा आत येऊन भिंतीला टेकून बसायचे आणि माझी थोरली बहीण अक्का त्यांच्यापुढं कोऱ्या चहाचा कप ठेवायची. दूध संस्थेच्या सचिवाच्या घरात कोरा चहा, यावर पहिल्यांदा आम्ही हसलो होतो. नंतर कोणी हसायचं नाही.

मी तेव्हा औरंगाबादहून नाट्यशास्त्र शिकून घरी आले होते. एकवीस-बावीस वर्षांची असेन. घरात आम्ही तिघंच. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि ताराक्का अकराची. तिनं शाळा सोडली ती माझ्यासाठी. माझी वेणी, माझा डबा, माझ्या अंगातला ताप, सगळं तिच्या हातून गेलं. ती लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा मी जेवढी रडले, तेवढी आई गेल्यावर रडले नसेन. तिचं सासर दरवर्षी ऊसतोडीला जाणारं. दाजी साधा, कष्टाचा माणूस. त्या वर्षी मात्र तोडीचा हंगाम संपायच्या आधीच अक्का एकटी माहेरी आली. तिचा चौदा महिन्यांचा मुलगा, सोपान, तिकडे कारखान्याच्या भागात, उसाच्या फडातच दगावला होता. ती आली, पाय धुतले आणि चुलीपुढं बसली. त्या दिवसापासून घरात सोपानचं नाव कोणी घेतलं नाही. नाव घेतलं तर ती कोसळेल अशी आम्हाला भीती. ती हुलग्याचं माडगं करायची, भाकरी थापायची, तव्यावर लसूण-मिरची रगडायची, आम्हाला वाढून सगळ्यांच्या शेवटी दोन घास खायची. बोलायची कामापुरतं. मी तिच्या शेजारी झोपायचे, पण तिला काही विचारायचे नाही. समंजसपणा म्हणून नव्हे. मला विचारता येत नव्हतं.

फिल्म काढायची कल्पना संस्थेच्या चेअरमनची. लोक मिळेल त्या बाजारात जनावरं काढत होते. चेअरमनचं म्हणणं, म्हशी गेल्या की संस्था गेली, आणि संस्था गेली तर पाऊस पडल्यावरही गाव उठणार नाही. संस्थेनं चारा छावणी उघडली होती, पण लोकांचा विश्वास बसत नव्हता. "भाषणं ऐकून कान किटलेत लोकांचे," ते आण्णांना म्हणाले. "तुमची पोरगी नाटकाचं शिकून आलीय. तिला म्हणावं, एक छोटा पिच्चर काढ. म्हैस इकनाऱ्या घराचं काय हुतं ते दाव. गावोगाव टीव्ही लावून दावू." माजलगावहून रशीदभाई नावाचे लग्नाची शूटिंग करणारे गृहस्थ ठरवले गेले. खांद्यावर घ्यायचा भला मोठा व्हिडिओ कॅमेरा, कमरेला बॅटरीचा पट्टा आणि वायरीनं जोडलेला छोटा टीव्ही, ज्यात चित्र कसं येतंय ते बघता यायचं. मी चार रात्री जागून गोष्ट लिहिली. नवरा-बायको, एक म्हैस, दुष्काळ, व्यापारी येतो, म्हैस जाते. शेवटी घरातलं लेकरू दुधासाठी रडतं आणि बाई दारात उभी राहते. आज ती वही हातात आली तर मी लाजेनं मिटून टाकीन. प्रत्येक पात्र पुस्तकासारखं बोलत होतं.

बाईच्या कामाला मी औरंगाबादची माझी वर्गमैत्रीण शलाका हिला बोलावलं. शलाका गुणी नटी होती. डोळ्यांत ग्लिसरीन घालून तिनं पहिल्याच दिवशी इतकं सुरेख रडून दाखवलं, की जमलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. रशीदभाई मात्र कॅमेऱ्यामागून म्हणाले, "मॅडम, मी दोनशे लग्नं काढली. ह्ये रडनं बिदाईचं हाय. म्हशीचं न्हाई." मी त्यांच्यावर चिडले. तेवढ्यात अक्का चहाची किटली घेऊन आली. शलाका म्हशीच्या कपाळावरून हात फिरवत होती आणि म्हैस मान झटकत मागं सरत होती. "तिच्या डोळ्याम्होरं हात नगं नेऊ बाई, बुजती ती," असं म्हणत अक्कानं किटली खाली ठेवली, बादलीत हात बुडवला आणि ओला हात म्हशीच्या नाकाला लावला. म्हशीनं तो चाटला. अक्का तिच्याशी काहीतरी पुटपुटत राहिली, एक पाय बादलीला टेकवून, जशी रोज हापशावर उभी राहायची तशी. मी टीव्हीकडं बघितलं. रशीदभाईंनी न सांगता कॅमेरा चालू केला होता. त्या एवढ्याशा काळ्यापांढऱ्या चौकटीत माझी बहीण होती आणि माझी नजर तिच्यावरून हलत नव्हती. शलाका माझ्या मागं येऊन उभी राहिली. "विमल, मी उगाच आले गं," ती हसत म्हणाली. "ह्यांच्याकडून करून घे."

अक्का नको नको म्हणत तयार झाली आणि पुढचे आठ-नऊ दिवस मी तिला नव्यानं पाहिलं. मी आजवर पुष्कळ नटांबरोबर काम केलंय, शिकवलंय. कॅमेऱ्याला विसरायचं कसं यावर मुलांपुढं तासन्‌तास बोलते. अक्काला ते सांगावं लागलं नाही. कॅमेरा म्हणजे तिच्या लेखी कोपऱ्यात बसलेला पाहुणा, त्याचं काम तो करील, आपलं आपण करावं. व्यापाऱ्याचं काम करणारे किसनमामा गावच्या जत्रेत वर्षानुवर्षं राजा व्हायचे. ते प्रत्येक वाक्य शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायचे. मी तीनदा सांगून थकले. अक्का त्यांना म्हणाली, "मामा, तुमी मला फसवायला आलाव. फसवनारा कधी वरडतो का?" मामा थबकले आणि मग इतक्या गोड आवाजात बोलले, की अंगावर काटा आला. माझ्या वहीतलं एक वाक्य होतं, "या दुष्काळाने आमच्या तोंडचा घास हिरावून नेला." अक्कानं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि वही मिटली. "असं कोन बोलतंय गं? मी म्हनते, म्हैस गेली तर सकाळी उठायचं कशाला. चालंल का?" चाललं. रात्री आमच्या घरी सगळे जेवायचे. अक्का पिठलं ढवळता ढवळता सांगायची, "उद्या तोच प्रसंग हाय न्हवं? मग आज पदर खवलेला व्हता, ध्यानात ठिवा." रशीदभाई म्हणायचे, "अक्का, तुमी आमच्या दुकानात कामाला या." ती हसायची. माहेरी आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. आण्णा भाकरीचा तुकडा हातात धरून तिच्याकडं बघत राहायचे.

त्यातल्याच एका दुपारी, ऊन उतरायची वाट बघत आम्ही दोघी लिंबाखाली बसलो होतो. बाकीचे संस्थेच्या खोलीत लवंडले होते. अक्का काडीनं मातीत रेघा ओढत होती आणि काही न विचारता बोलायला लागली. सोपानला दोन दिवस ताप होता. टोळीचा मुकादम म्हणाला, उसाची गाडी भरली की दवाखान्यात जा. गाडी भरली, दुसरी लागली. तिसऱ्या दिवशी पहाटे तो तिच्या मांडीवरच गेला. दाजींनी आणि आणखी दोघांनी फडाच्या बांधाला खड्डा घेतला. दोन दिवसांनी टोळी दुसऱ्या फडावर हलली. "मी ट्रॅक्टरच्या टायलीत वर बसलते, सामानावर. गाडी निघाली तवा बांध दिसत व्हता. लई वाटलं, हाक मारावी. सोपाना म्हनून एकदा वरडावं. पर समदी बसलेली. गेलेल्या लेकराला हाक मारू नये म्हनत्यात, ते घुटमळतं. मी तोंडात पदर कोंबला." मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "तू इचारलं न्हाईस म्हनून तुला सांगावं वाटलं. आण्णाला नगं सांगू." मी नाही सांगितलं. आण्णांना नाही सांगितलं.

शेवटच्या दिवशी म्हैस जाते तो प्रसंग होता. गोष्ट तिथंच उभी होती. किसनमामा दोर धरून म्हैस नेणार, अक्का दारात उभी राहणार आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येणार. तसं मी लिहिलं होतं आणि तसंच मला हवं होतं. अक्का पाच वेळा दारात उभी राहिली. पाचही वेळा ती नुसती बघत राहिली, कोरड्या डोळ्यांनी, दाराच्या चौकटीला बोटं लावून. आज मला कळतं, तेच खरं होतं. आज कोणी नटी मला तसं उभी राहून दाखवील तर मी तिच्या पाया पडेन. पण मला त्या वयात रडणं म्हणजे दुःख वाटायचं. बॅटरी संपत आली होती. घरांच्या सावल्या लांबत होत्या. चेअरमन खुर्ची टाकून बसले होते, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत. "रडू येत न्हाई गं," अक्का ओशाळून म्हणाली. "म्हैस चेअरमनसाहेबाची. घटकाभरानं त्यांच्याच गोठ्यात जानार हाय. कशाचं रडू?" सगळे हसले. मी हसले नाही. नाट्यशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं, की नटाच्या आयुष्यातलं एखादं दुःख शोधा आणि त्याला तिथं घेऊन जा. ते शिकवणाऱ्यांनी, परत कसं आणायचं हे सांगितलं नव्हतं.

मी तिच्याजवळ गेले. तिचा पदर सारखा केल्यासारखं करून तिच्या कानाशी म्हणाले, "अक्का, म्हशीकडं बघू नको. तो बांध बघ. गाडी निघालीय आणि सोपान मागं राहिलाय." तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वळणावर ओळखीचं माणूस दिसावं आणि जवळ आल्यावर ते दुसरंच कोणी निघावं, तसं. मी मागं सरकले आणि हात वर केला. रशीदभाईंचा कॅमेरा चालू झाला.

किसनमामांनी म्हैस ओढली. अक्का दारातच होती. मग ती पायरी उतरली, जे लिहिलेलं नव्हतं. चार पावलं चालली आणि पळायला लागली. मामांच्या हातातला दोर तिनं धरला नाही, म्हशीला हात लावला नाही. ती दोघांना ओलांडून पुढं गेली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि रिकाम्या माळाकडं तोंड करून तिनं हाक मारली, "सोपाना." एकदा नाही. पहिली हाक फाटली. दुसरी स्पष्ट होती. तिसरीला ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी रस्त्यावरची माती गोळा करून ओटीत घ्यायला लागली. म्हैस बुजून उभी राहिली. किसनमामा सगळं विसरून तसेच थांबले. रशीदभाईंनी डोळा न काढता हळू आवाजात विचारलं, "मॅडम, बस करू?"

मी म्हणाले, "चालू ठेवा."

हे दोन शब्द मी म्हणाले. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मी घाबरले होते, मला सुचत नव्हतं. तसं नव्हतं. मी टीव्हीकडं बघत होते आणि चित्र चांगलं येत होतं. शलाका धावली, तिनं अक्काला धरलं, तेव्हा कुठं कॅमेरा थांबला. बायकांनी तिला आत नेलं. थोड्या वेळानं मी आत गेले तर ती तोंड धुऊन चूल पेटवत होती. मला बघून म्हणाली, "झालं का तुझ्या मनासारखं?" मी मान डोलावली. "मंग बरं झालं," असं म्हणून तिनं पीठ मळायला घेतलं. त्या रात्री भाकरी नेहमीसारख्याच झाल्या होत्या.

फिल्म जोडायला मी माजलगावला रशीदभाईंच्या दुकानात गेले. ते दोन मशीन समोरासमोर ठेवून एका कॅसेटवरचं दुसरीवर उतरवायचे. तो प्रसंग आला तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं. "मॅडम, पिच्चरमधी म्हशीचं नाव चंद्री हाय. ह्यो सोपान कोन?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "आवाज काढून टाका. सनई लावा."

त्यांनी लग्नाच्या कॅसेटीतून एक सनई काढून त्यावर लावली. सनई फार छान बसली. शूटिंगच्या कच्च्या कॅसेटी ठेवायच्या का, असंही त्यांनी मला विचारलं. मी घाईत होते, संध्याकाळची एसटी गाठायची होती. म्हणाले, तुम्हाला लागत असतील तर वापरा.

संस्थेच्या अंगणात टीव्ही लावून पहिल्यांदा फिल्म दाखवली तेव्हा सगळं गाव आलं होतं. दाजीही आले होते, अक्काला न्यायला. ती बायकांत पुढं बसली होती. म्हैस जाते तो प्रसंग आला. चित्रात अक्का पळाली, उभी राहिली, तिचं तोंड उघडलं. सनई वाजत राहिली. लोक रडले. चेअरमन उठून डोळे पुसत म्हणाले, "म्हशीसाठी बाई एवढी रडती, बघा. आता तरी जनावरं इकू नका." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सात-आठ घरांनी जनावरं छावणीत आणली. फिल्म उपयोगी पडली. हे मला खोडता येत नाही.

गर्दी पांगल्यावर अक्का बंद टीव्हीपुढं बसून होती. मी शेजारी बसले. वाटलं, ती विचारील की तुला सांगितलेलं तू असं का वापरलंस. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं, क्षमाही मागणार होते. ती म्हणाली, "इमल, माझी हाक कुठं गेली?"

मी टीव्हीची वायर गुंडाळायला लागले.

"मी त्याला हाक मारलती. तीनदा. मला वाटलं, आता टीव्हीत ऱ्हाईल. कवा मनात आलं तर येऊन ऐकावी." ती शांतपणे बोलत होती. "तू रडावलंस त्याचं काई न्हाई गं. उलट बरंच केलंस, माझी छाती हलकी झाली. मी तुला बोलनार न्हवते. पर तू हाक का काढलीस?"

"गोष्टीत बसत नव्हती, अक्का."

"बसत न्हवती," ती म्हणाली. मग म्हणाली, "व्हय, कशी बसंल." आणि उठून आत गेली.

दुसऱ्याच दिवशी मी माजलगाव गाठलं. रशीदभाईंनी कपाटातली एकेक कॅसेट लावून बघितली. म्हशीच्या प्रसंगाच्या कॅसेटीवर आता गेवराईकडचं एक लग्न होतं. नवरी घोळक्यातून येत होती, मुलं कॅमेऱ्यापुढं येऊन नाचत होती. ते लग्न आम्ही शेवटपर्यंत बघितलं, चुकून कुठं थोडं जुनं राहिलं असेल म्हणून. काहीच राहिलं नव्हतं. रशीदभाईंनी मशीन बंद केलं. "सोपान अक्काचा मुलगा व्हता का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी खाली बघत कॅसेट पुठ्ठ्यात घातली. "मला सांगायला पायजे व्हतं, मॅडम. मी त्यावर लगीन काढलं नसतं."

अक्काला हे सांगायला मला चार महिने लागले. ती तोवर सासरी गेली होती. तिला पुढं दोन मुली झाल्या, मोठी आता शिक्षिका आहे. अक्का माझ्याशी कधी भांडली नाही, सणाला बोलवायची, माझ्या आवडीचं करून घालायची. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, तुमच्या बहिणीचं तुमच्यावर किती प्रेम होतं. होतंच. पण लिंबाखाली तिनं मला सांगितलं होतं तसं काही तिनं मला पुन्हा कधीच सांगितलं नाही. ना मुलींच्या वेळचं, ना दाजी गेल्यानंतरचं, ना स्वतःच्या आजारपणातलं.

तिला ते सांगितलं ते दसऱ्यानंतर, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या तेव्हा. पाऊस थोडाफार झाला होता, पण शेतात काही उभं नव्हतं, त्या वर्षी जास्तच लोक निघाले. वडवणीच्या बाजारतळावर ट्रॅक्टर लागले होते. मी अक्काला भेटायला गेले. टायलीत पेट्या, पत्रे, शेळ्या, कोयते, धान्याची पोती, त्यावर बायका-पोरं. अक्का वर चढून बसली होती. मी टायलीच्या फळीला धरून खाली उभी राहिले आणि सांगून टाकलं. कॅसेट गेली. हाक आता कुठंच नाही. माझ्या हातून गेली.

तिनं ऐकून घेतलं. मग वाकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मंग तू मार."

"काय?"

"हाक. मला आता तशी न्हाई निघायची. तू मार एकदा. हितंच. मी ऐकते."

मी आजूबाजूला बघितलं. दाजी दोर आवळत होते. मुकादम नावं वाचत होता. माणसं होती, चहाची गाडी होती, संस्थेतले दोघं मला ओळखून हसले होते. शूटिंगचे दहा दिवस मी माणसांना सांगत होते, लाजू नका, बघणाऱ्यांना विसरा, मोकळेपणानं बोला. माझं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. अक्का वाट बघत होती. तिनं घाई केली नाही. ट्रॅक्टर चालू झाला, टायलीला हिसका बसला, माझा हात फळीवरून सुटला, आणि तरीही ती माझ्याकडंच बघत होती. मग तिनं पदर सारखा केला आणि शेजारच्या बाईचं लेकरू मांडीवर घेतलं.

ट्रॅक्टर रस्त्याला लागून वळला. धूळ खाली बसली. तेव्हा माझ्या तोंडून नाव निघालं, मोठ्यानं, सगळ्या बाजारतळाला ऐकू जाईल असं. लोकांनी वळून बघितलं. भाजीचं टोपलं घेऊन उभी असलेली एक म्हातारी माझ्याजवळ आली. "कोन ऱ्हायलं का गं माय मागं?" तिनं विचारलं. "थांबवू का गाडी कुनाला सांगून?"

"न्हाई," मी म्हणाले आणि स्टँडकडं निघाले.